टॅम्पाच्या अंगणातील हॉप्स आणि दिवसाची लांबी

फ्लोरिडात टॅम्पा येथे घरामागच्या अंगणात मी हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांच्या वेलीची, लागवड केली, त्याला आता तीन वर्षे झाली. बिअर मी घरीच बनवतो. पहिल्या वर्षी कॅस्केड जातीच्या तीन वेली मे महिन्यात जेमतेम कमरेएवढ्या झाल्या आणि तेवढ्यातच फुलल्या. तिन्हींची फुले मिळून एका ओंजळीत मावली. दोष उन्हाचाच असणार असे गृहीत धरून मी वर शेडनेट बांधली, आणि ज्या वेलींना प्रकाश अपुरा पडत होता त्यांचा प्रकाश आणखी कमी केला.

हॉप्स ही थंड प्रदेशातील बहुवर्षायू वेल आहे हे खरे, पण तिला फुलण्याचा इशारा मिळतो तो दिवसाच्या लांबीतून. दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे जातीनुसार साधारण १५ ते १६ तासांपेक्षा, लहान झाला आणि वेलीवर पुरेशी पेरे तयार झालेली असली की ती फुलोऱ्यावर येते. अमेरिकेतील बहुतांश हॉप्स पिकवणारे याकिमा खोरे ४६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनमध्ये दिवस पावणेसोळा तासांचा असतो, त्यामुळे वेल आधी पाच-साडेपाच मीटर उंचीच्या तारेपर्यंत चढते आणि मगच फुलते. टॅम्पा २८ अंशांवर आहे आणि इथला सर्वांत मोठा दिवसही १४ तासांच्या आतच संपतो, म्हणून अंगात ताकद येण्यापूर्वीच वेल फुलून जाते. कडक हिवाळ्यावाचून हॉप्स फुलत नाहीत, हा जुना समजही कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या २०१९ मधील संशोधनाने खोडून काढला आहे.

निफाडला आमची द्राक्षबाग आहे. हे सारे नानांना फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अरे, मग दिवस मोठा कर की! पॉलिहाउसवाले शेवंतीला रात्री बल्ब लावतात ते उगाच का? कळी लवकर धरू नये म्हणूनच ना?” नंतर वाचनात आले की दक्षिण आफ्रिकेत जॉर्ज शहराच्या परिसरात हॉप्सच्या मळ्यांना दिवे लावण्याची पद्धत जुनीच आहे, आणि इथे जवळच असलेल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधन केंद्रातही एलईडी दिव्यांच्या आधारे वर्षातून दोन पिके घेतली जातात.

त्यानंतर मार्चमध्ये मी वेलींवर एलईडी दिव्यांची माळ टांगली आणि टायमर सूर्यास्तापासून रात्री साडेबारापर्यंत लावला. प्रकाश मंद असला तरी चालतो, कारण तो अन्न तयार करण्यासाठी नसून वेलीला रात्र झाल्याचे कळू न देण्यासाठी असतो. हॉप्सला द्राक्षासारखे तणावे नसतात. खोडावरच्या बारीक आकडेदार केसांनी दोरीला धरत ती, वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, वळत चढते, आणि उलट दिशेने गुंडाळली तर सुटून खाली येते. काथ्याची दोरी तिला छान मानवते, नायलॉनवरून मात्र ती घसरते. वेली छपराच्या कडेला पोहोचल्या तेव्हा दिवे बंद केले, आणि थोड्याच आठवड्यांत प्रत्येक फांदीवर कळी दिसू लागली. रोग आणि किडी द्राक्षामुळे ओळखीच्याच निघाल्या: दमट हवेत डाऊनी ही बुरशी आणि कोरड्या दिवसांत लाल कोळी. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंतची पाने काढून हवा खेळती ठेवली की बराचसा त्रास टळतो.

तोडणीची वेळ बोटांना कळते. फूल दाबल्यावर कागदासारखे कुरकुरले, पुन्हा फुगून आले आणि आतली लुपुलिनची, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध ज्यात असतो ती, भुकटी हळदीसारखी पिवळी दिसली, की तोडावे. त्या जूनमध्ये ओली फुले सव्वा किलो भरली आणि वाळल्यावर सुमारे अडीचशे ग्रॅम उरली. ताजी फुले वापरायची तर वाळलेल्यांच्या चार-पाच पट घ्यावी लागतात आणि तीही तोडल्यापासून एका दिवसात. घरच्या फुलांत कडवटपणा देणारे अल्फा आम्ल किती आहे हे मोजता येत नाही, म्हणून बिअरच्या तासभराच्या उकळीत कडवटपणासाठी मी विकतचेच हॉप्स घालतो आणि घरचे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत किंवा आंबवणीनंतर, केवळ सुगंधासाठी, वापरतो. उरलेला हॉप्सचा चोथा कुत्र्यांसाठी जीवघेणा ठरू शकतो, त्यामुळे तो अंगणात टाकू नये.

जूनची तोडणी झाल्यावर वेली जमिनीलगत छाटल्या. निफाडला एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात, तशा आता माझ्याकडेही जून आणि नोव्हेंबर अशा दोन होतात. सध्या ऑगस्ट आहे, नवे फुटवे खांद्याएवढे झाले आहेत आणि दिवे आणखी दोन आठवडे रात्री चालू राहतील.