पंधरा दिवसांनी रायलस्टोनची वारी

शुक्रवारी साडेपाचला सिडनीतल्या पॅरामाटाहून निघालो, रायलस्टोन गावापुढच्या आमच्या जंगलातल्या जागेकडे. डिकीत पीव्हीसी पाइप, चेनसॉ, पिण्याच्या पाण्याचे कॅन, डब्यात थालीपीठं आणि मागच्या सीटवर हेडफोन लावलेली लेक. ब्लू माउंटन्स चढून लिथगो, तिथे पेट्रोल आणि चहा, मग केपर्टी, इलफर्ड, कांडोस. एरवी साडेतीन तास, पण केपर्टीनंतर अंधारात कांगारू कुठून उडी मारेल नेम नाही म्हणून ही मला ऐंशीच्या वर जाऊ देत नाही, आणि बरोबरच आहे तिचं, एकदा बंपर गेलाय आमचा.

रायलस्टोनच्या पुढे आमचं ४० एकर जंगल आणि मधे एक पत्र्याची शेड. विजेची तार नाही, नळ नाही, मोबाईलची रेंज फक्त गेटपाशी. मित्रांना वाटतं आम्ही आरामाला जातो. अहो कसला आराम, दोन आठवडे पाठ फिरवली की जंगल आपलं काम चालू ठेवतं आणि मग शनिवार-रविवार ते निस्तरण्यात जातो. या वेळी वोम्बॅटने (बिळं खणणारा इथला गुबगुबीत प्राणी) कुंपणाखालून नवीन बोगदा काढला होता, उंदरांनी जनरेटरची वायर खाल्ली होती, आणि पन्हळीत गमट्रीचा, म्हणजे निलगिरीचा, पाला गच्च.

तो पाला साधा नाही, निलगिरीचं तेल असतं त्यात, वाळला की उडत आलेली एक ठिणगी पुरते. २०१९ च्या ऑक्टोबरात गॉस्पर्स माउंटनला वीज पडून लागलेली आग पुढे ५ लाख हेक्टरच्या वर पसरली, इकडच्या डोंगरांत काळी खोडं अजून दिसतात, फक्त त्या काळ्या सालीतूनच हिरवी पालवी फुटलेली असते, बघायला विचित्र आणि सुंदर. १ ऑक्टोबरपासून आगीचा सीझन, मग परमिटशिवाय पाचोळा जाळता येत नाही, म्हणून सप्टेंबरअखेरीची ही चक्कर चुकवून चालत नाही. आताही आदल्या दिवशी शेजाऱ्यांना आणि फायर कंट्रोलला कळवावं लागतंच. शेजारी म्हणजे ४ किलोमीटरवरचे एक आजोबा, गावच्या फायर ब्रिगेडचे स्वयंसेवक. ते यूट (मागे उघडा हौदा असलेली गाडी) घेऊन आले, ढीग बघून मान हलवली आणि म्हणाले अर्धा कर. केला.

पण खरं दुखणं पाण्याचं. जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत पावसाच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपचा एल्बो (वळणाचा जोड) बर्फाने फुटला, आम्ही सिडनीत, आणि २२,५०० लिटर पाणी मातीत. शेडचं छप्पर ६० चौरस मीटर, म्हणजे १० मिलिमीटर पाऊस पडला तर ६०० लिटर, तेही पन्हळ साफ असेल तर. पूर्ण टाकी भरायला ३७५ मिलिमीटर! आणि निम्मं पाणी आगीच्या बंबासाठी राखायचं, त्यासाठी टाकीला ६५ मिलिमीटरचं स्टॉर्झ कपलिंग (बंबाचा पाइप जोडायचं तोंड) लावलंय. शेवटी टँकर मागवला. लातूरचा माणूस ऑस्ट्रेलियात येऊनसुद्धा टँकरची वाट बघत गेटवर उभा, आईला फोनवर सांगितलं तर ती पाच मिनिटं हसत होती.

त्याच थंडीत बॅटरीचीही गंमत कळली. छपरावर ऊन लख्ख, सोलर पॅनल चालू, पण लिथियम बॅटरी शून्याखाली गेली की चार्ज घेत नाही, सिस्टिम स्वतःच बंद करते. मग बंद पडलेला जुना फ्रिज आणला आणि बॅटरी त्याच्यात ठेवली, गार करायची वस्तू उबेला लावली. माझ्या मते या जागेवर मी केलेलं हे सगळ्यात हुशारीचं काम.

शनिवारी रात्री चुलीवर पिठलं, बाहेर चांदणं इतकं की लेकीने स्वतःहून हेडफोन काढले. तेवढंच हो, पण तेवढ्यासाठी आम्ही पुन्हा पुन्हा जातो बहुतेक.

रविवारी दुपारी निघालो. लिथगोच्या चहाला हिने विचारलंच, “टाकीचा व्हॉल्व्ह बंद केलास ना?” आता मी निघताना व्हॉल्व्हचा फोटोच काढतो, तो काढून दाखवला. दांडा आडवा, व्हॉल्व्ह बंद. मी खूश. हिने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हणाली, “आणि ती मागची खिडकी?”

सताड उघडी. पॉसमला, म्हणजे झाडावरून घरात घुसणाऱ्या इथल्या प्राण्याला, दोन आठवडे घर मोकळं. मी आजोबांना फोन लावला.