श्रावणातलं सभागृह
(माजी विद्यार्थिनीचे मनोगत)

स्मरणिकेत बाईंच्या आठवणी, छड्या आणि स्नेहसंमेलनं याबद्दल बाकीच्या जणी लिहितीलच. मी लिहिते आहे आपल्या सभागृहातल्या श्रावणी मंगळवारांबद्दल. बाकं भिंतीला लागतात आणि आठवी-नववीच्या मुली, त्यांच्या आया, आज्या आणि आम्ही माजी विद्यार्थिनी एकाच शहाबादी फरशीवर उतरतो. घरच्या मंगळागौरीला नवी नवरी लागते, लग्नानंतरची पहिली पाच वर्षं लागतात, सवाष्णी लागतात. शाळेत कुणी कुणाचं कपाळ बघत नाही. नवरा गेलेली, लग्न न केलेली, दुसऱ्या धर्माची, सगळ्या रिंगणात. खेळ तेच ठेवून शाळेने आमंत्रणाची यादी बदलली, आणि हे काम लहान नाही.

आता फुगडीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गंमत तिच्यात आणि सगळ्यात जास्त दुखापतीही तिच्यातच. समोरासमोर उभं राहायचं, चारही पावलांचे चवडे मध्यभागी जवळ आणायचे. हातांची कैची करायची, म्हणजे उजव्यात उजवा, डाव्यात डावा. बोटांत बोटं अडकवू नका, घामाने ती सुटतात. एकमेकींची मनगटं धरा. काचेच्या बांगड्या आधी उतरवून ठेवा. मग कोपर सरळ करून मागे झुकायचं. कंबरेत वाकून बसल्यासारखं नव्हे, टाचेपासून डोक्यापर्यंत एका रेषेत. तुमचं वजन तिच्या हातात, तिचं तुमच्या. इथेच जोडी जमते किंवा बिघडते. वजनात दहा-बारा किलोंचा फरक असला की जड बाजूची उभीच राहते आणि हलकी भोवती फेकली जाते. अशा वेळी जडीने कोपर थोडे वाकवून जवळ यावं आणि वेग कमी ठेवावा, नाहीतर जोडी बदलावी. यात मानापमान काही नाही.

पावलं छोटी, घासत, मध्याजवळच. मोठी पावलं टाकली की जोडी सरकत सरकत शेजारच्या जोडीवर जाते. म्हणून प्रत्येक जोडीला चारी बाजूंनी मोकळी अशी तीन मीटरची जागा लागते. आपल्या सभागृहात एका वेळी पाच जोड्या पुरेत. सहावीला जागा आहे असं दिसतं, पण ती नसते.

चक्कर येते ती कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांतल्या द्रवामुळे. शरीर थांबलं तरी तो क्षणभर फिरतच असतो. म्हणून नजर भिंतीवर नको, जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवा. तुमच्या दृष्टीने तेवढी एकच गोष्ट जागच्या जागी असते. थांबताना तीन-चार फेऱ्यांत वेग उतरवा, कोपर वाकवून जवळ या, पूर्ण स्थिर होईपर्यंत हात सोडू नका. बहुतेक पडझड फिरताना होत नाही, एकीने हसत हसत आधी हात सोडल्यावर होते. मागे पडताना माणूस तळवा टेकतो आणि मनगटाचं हाड जातं. पाळी गेल्यानंतर हाडं विरळ होत असल्याने पन्नाशीपुढे हे फार सहज घडतं.

पकवा, म्हणजे फिरताना तोंडाने काढायचा तालाचा आवाज, घालायला विसरू नका. तो नुसता ठेका नव्हे. तोंडाने आवाज काढला की श्वास आपोआप सुटतो, कोंडून राहत नाही. गोव्याकडच्या फुगडीतही तोंडाने फुंकल्यासारखा आवाज काढतात आणि तिथली कळशी फुगडी तर रिकाम्या कळशीत फुंकतच रंगते.

बसफुगडीबद्दल माझं मत कडक आहे. उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकायचा म्हणजे सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर. शाळेतल्या मुलींनी खुशाल घालावी. जिना उतरताना गुडघा बोलतो त्यांनी टाळ्या वाजवाव्यात. गर्भवती, नुकतं ऑपरेशन झालेल्या, रक्तदाब आटोक्यात नसलेल्या किंवा चक्करेचा त्रास असलेल्या बायकांनी कुठलीच फुगडी घालू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी खेळू नये, मग उपास कुणाचाही असो. बाकीच्यांनी दीड-दोन तास आधी हलकं खाऊन यावं. ताटभर साबुदाण्याची खिचडी खाऊन लगेच फिरलं की पुढचं सांगायला नको.

खरी ओळख मात्र झिम्म्यात होते. बारा-बारा जणींची दोन वर्तुळं करा, आतली बाहेरची समोरासमोर. आठ टाळ्या झाल्या की बाहेरच्यांनी एक जागा उजवीकडे सरकायचं. एका गाण्यात आजीचा हात नातीच्या वर्गमैत्रिणीच्या हाताला लागतो, डॉक्टरीणबाईंचा पोळ्या करणाऱ्या मावशींच्या हाताला. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी खुर्चीवर बसून टाळी द्यावी आणि गाणं सांगावं, कारण शब्द त्यांनाच पाठ असतात. गाण्यावरून दमही कळतो. सगळ्या जणी सुरात गात असतील तर खेळ हलका चालला आहे; बोलता येतं पण गाता येत नाही, तिथे व्यायाम सुरू होतो; दोन शब्दांतच धाप लागली तर सांगणारीने लय उतरवावी.

म्हणूनच स्पर्धांतल्या मंगळागौरीचं मला कौतुक नाही. एकसारख्या नऊवारी, रेकॉर्ड केलेली गाणी, मंचावर सोळा जणी आणि खुर्च्यांवर दोनशे. रेकॉर्ड कुणासाठी हळू होत नाही आणि त्या दोनशे जणींचा घामही निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशी बघा. प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम. पासष्टीपुढे तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस. एका जागरणाने यातलं काही भागत नाही, उलट वर्षभर बसलेल्या पोटऱ्या रात्री अकरा वाजता धरतात. तेव्हा आषाढ लागला की सुरुवात करावी. पहिले दोन आठवडे फक्त झिम्मा आणि टिपऱ्या, तिसऱ्यापासून सावकाश फुगडी, पिंगा त्यानंतर, कारण तो कंबर मागतो. दर वेळी आधी दहा मिनिटं चालणं आणि भिंतीला धरून वीस वेळा टाचा उचलणं.

शाळेला एवढीच विनंती की आषाढापासून मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी साडेपाच ते सात सभागृहाची किल्ली मिळावी. पावसाळ्यात दारातून ओल्या चपलांचं पाणी आत येतं आणि ओली शहाबादी घसरते, म्हणून उंबऱ्यापाशी दोन गोणपाटं आणि एक कोरडं फडकं ठेवावं. चपला बाहेर, मोजेही बाहेर; फुगडी अनवाणीच घालायची.