पडद्यावर जुनंच पान

फोंड्याला आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर ई-इंकचा (कागदासारख्या पडद्याचा) टॅब्लेट आला तेव्हा पडद्यावर संगीत नाटकाच्या संहितेचं एक पान होतं, समासातल्या पेनच्या खुणांसकट. काहीही दाबलं तरी ते हलत नव्हतं. त्याचे मालक, म्हणजे नाट्यमंडळाचे दिग्दर्शक सर, म्हणाले, "अँड्रॉइडऐवजी लिनक्स घालायला पार्टिशनं (साठवणुकीचे कप्पे) बदलली आणि हँग झाला."

हँग नव्हता. ई-इंकचा पडदा वीज तोडली तरी शेवटचं चित्र धरून ठेवतो, त्यामुळे पडद्याकडे बघून काहीच ठरवू नये. टॅब्लेटचे संदेश संगणकावर वाचायला सीरियल केबल जोडून वेग सेकंदाला 1500000 बिट ठेवला (या टॅब्लेटच्या आरके3566 चिपवर नेहमीच्या 115200 ने नुसता कचरा दिसतो). यू-बूट (सुरुवातीला चालणारा, लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम), कर्नल (लिनक्सचा गाभा), लॉगिन, सगळं नीट आलं. डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, एकच ओळ खटकली: 'ईबीसी.डब्ल्यूबीएफ' फाइल मिळाली नाही, एरर -2.

ही फाइल म्हणजे पडद्याचा वेव्हफॉर्म. काळे-पांढरे कण हलवायला कोणत्या तापमानाला किती वेळ, कोणत्या दिशेने व्होल्टेज द्यायचं, हे त्यात असतं. ते त्या पॅनेलपुरतंच असतं. दुसऱ्या टॅब्लेटची फाइल घातली तर आधीच्या पानाची सावली मागे राहते. म्हणून कारखान्यातच ती एका छोट्या पार्टिशनमध्ये लिहिलेली असते. अँड्रॉइडची पार्टिशनं काढताना निरुपयोगी समजून तेही काढलं गेलं होतं.

जीव इथेच टांगणीला लागला. जीपीटीतली, म्हणजे पार्टिशनांच्या यादीतली, नोंद काढली तरी बाइट जागेवर राहतात. पण त्या जागेवर एमकेएफएस (पार्टिशन फॉरमॅट करणारी आज्ञा) चाललं असेल तर ते आधी डिस्कार्ड, म्हणजे 'इथला डेटा टाकून दे' असा हुकूम, पाठवतं, आणि मग आशा सोडायची. लिनक्सचं नवं रूट (मुख्य) पार्टिशन सुदैवाने बरंच पुढून सुरू होत होतं. ते 2048 व्या सेक्टरपासून घेतलं असतं, तर यू-बूटही गेलं असतं आणि मास्करॉममधून (चिपमध्येच कोरलेल्या, पुसता न येणाऱ्या प्रोग्राममधून) सुरुवात करावी लागली असती.

आधी ईएमएमसीच्या (टॅब्लेटच्या आतल्या साठवणुकीच्या) मोकळ्या भागाची आणि त्याआधीच्या सगळ्याची प्रत काढली. वेव्हफॉर्मच्या पार्टिशनचा जुना पत्ता कारखान्याच्या फर्मवेअरमधल्या (मूळ सॉफ्टवेअरमधल्या) पॅरामीटर फाइलमध्ये मिळाला. तिथले आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पटीच्या पद्धतीत) आणि 512 बाइटच्या सेक्टरांत असतात: यू-बूटचा हेक्स 4000 म्हणजे 16384 वा सेक्टर, 8 एमबीवर. कच्चे बाइट वाचणाऱ्या डीडी या आज्ञेला स्किप, म्हणजे किती सेक्टर सोडून वाचायचं तो आकडा, दशमानात द्यायचा. इथे चूक झाली की भलतीच जागा वाचली जाते. दोनदा वाचून शा-256 (डेटाचा ठसा) जुळवला. पहिले चार बाइट चेकसम, पुढचे चार फाइलची लांबी. लांबी पटली. नुसती शून्यं निघाली असती तर सगळं संपलं होतं.

फाइल फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवून रीबूट केलं. पान तसंच! पडद्याचा ड्रायव्हर इनिट्रॅमएफएसमधून (कर्नलबरोबर आधी लोड होणाऱ्या छोट्या फाइलसंचातून) लोड होतो आणि तोवर रूट पार्टिशन जोडलेलं नसतं. इनिट्रॅमएफएसमध्ये फाइल घालून ती नव्याने बांधली, ती खरंच आत गेली का ते यादी काढून पाहिलं, मग पुन्हा चालू केलं. पडदा पूर्ण काळा, पूर्ण पांढरा झाला आणि लॉगिनची ओळ उमटली.

वेव्हफॉर्मची नोंद जीपीटीत परत घातली, त्याच नावाने, त्याच सेक्टरांवर. जीपीटी बदलणारा एसजीडिस्क आपणहून सुरुवात 2048 च्या पटीत सरकवतो, म्हणून अलाइनमेंट (ही पट) 1 दिली. रूट पार्टिशनवरची 'इथून बूट करा' ही खूण (लेगसी-बूटचा, 2 क्रमांकाचा बिट) तशीच आहे ना, तेही तपासलं. ती नसेल तर यू-बूट तिथली एक्स्टलिनक्सची (लिनक्स कसं सुरू करायचं ते सांगणारी) फाइल शोधेलच असं नाही.

सरांना टॅब्लेटबरोबर पेनड्राइव्हही दिला: वेव्हफॉर्म, पार्टिशन टेबल, आणि दोन्हींचे शा-256 कागदावर लिहून.