मालकंसात पंचम नसतो

आमच्या मावसबहिणीच्या मुलीला बारावीनंतर गाणं शिकायचंय, तेही रीतसर, युनिव्हर्सिटीत जाऊन, आणि तेव्हापासून मला एक दिवसाआड फोन येतोय की तू बडोद्याला होतीस ना, मग तूच समजाव तिला, डिग्री करून कोणी गवई होतं का?

हा प्रश्न बडोद्याला नवीन नाही. 1886 साली सयाजीराव महाराजांनी गवई मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली तेव्हाही लोक हेच विचारत असणार, कारण तोवर विद्या उस्तादाच्या घरातच राहायची, वर्षानुवर्षं सेवा करा मग मनात आलं तर एखादी चीज मिळणार. मौलाबक्षांनी स्वतःचं नोटेशन तयार केलं, म्हणजे गाणं कागदावर आलं, चार जणांना एकदम शिकवता यायला लागलं. 1916 ला संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली तीही बडोद्यातच. महाराज सयाजीराव विद्यापीठ 1949 चं, गायनशाळा पुढे त्यातच आली. सूरसागर तलावासमोरच्या त्या इमारतीत पहिल्यांदा पाय ठेवला तेव्हा यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

मला आठवतो तो मालकंस रागाचा तास. वर्गात आम्ही बारा जण. सर म्हणाले आज तंबोरा तू लाव, आणि मी सवयीने पहिली तार पंचमात, म्हणजे प वर लावली, जोड म्हणजे मधल्या दोन तारा मिळवल्या, खर्जाची शेवटची तार मिळवली, छान लागला म्हणून वर बघितलं तर सर शांतपणे म्हणाले, "मालकंसात पंचम आहे का गं?" नाही ना! मग ती तार मध्यमावर उतरवायची. खुंटी सैल केली तर तार एकदम खाली गेली, परत चढवली, मणी सरकवून बारीक मिळवली, तर आता जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, बंद. घोडीवरचा दोरा केसभर पुढे घ्या, केसभर मागे घ्या. अर्धा तास गेला, घाम फुटला, आणि बाकीचे अकरा जण गप्प बसून ऐकत होते. त्यानंतर त्या अकरापैकी कोणीही मालकंसला पंचम लावला नाही. घरी एकटी शिकत असते तर ती चूक फक्त माझी राहिली असती, वर्गात ती बाराजणांच्या कामी आली, आणि त्यांच्या कितीतरी चुका माझ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 ची, पेंटिंगला सुरुवातीला चित्रकार ना. श्री. बेंद्रे होते, तिथली एक मैत्रीण संध्याकाळी रियाजाला येऊन बसायची, कोळशाने माझा तंबोरा काढायची. बोटं काळीकुट्ट. ती भोपळा आधी काढायचीच नाही, माझा दंड आणि तंबोऱ्याची दांडी यांच्यामधली जी मोकळी जागा दिसते तिचा आकार आधी काढायची, म्हणायची तो बरोबर आला की हातही बरोबर येतो आणि तंबोराही. मी तेव्हा मालकंसच गात होते. रिषभ म्हणजे रे नाही, पंचम नाही. ते दोन स्वर टाळायचे असंच मी तोवर समजत होते, त्या दिवशी षड्जावरून थेट गंधारावर न जाता जरा थांबले, मग मध्यमावरून धैवतावर जाताना परत थांबले, आणि ती मान वर न करता म्हणाली, "आत्ता काय केलंस? परत कर."

हे कुठल्या सिलॅबसमध्ये असणार?

बाकी डिग्रीने रियाज होत नाही हे खरंय. एका सेमिस्टरमध्ये एवढे राग, थिअरी, परीक्षा, एक राग मुरायच्या आत दुसरा सुरू. पहाटेचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, तुम्हालाच लावायचा असतो, त्याला हजेरी नसते. ते मी त्या मुलीला स्पष्ट सांगितलंय. पण जाऊ नको असं माझ्या तोंडून निघणार नाही.

रविवारी बोलावलंय तिला. तंबोऱ्याच्या तारा नव्या चढवल्यात, लावायला तिलाच देणारे.