‘वापर’ या रकान्यातील एक शब्द

कोल्हापुरात घरकुल योजनेच्या सर्वेक्षणासाठी समूह संघटिका म्हणून मी काही वर्षे कंत्राटी पद्धतीने काम केले. त्या काळात भरलेल्या शेकडो अर्जांमागचे चेहरे आता फारसे आठवत नाहीत. परंतु २०२२ च्या जानेवारीतील एका फेरतपासणीचा दिवस मी विसरू शकलेले नाही, कारण त्या दिवशी जी चूक तपासली जात होती ती माझ्याच हस्ताक्षरातली होती.

वस्ती जयंती नाल्याच्या काठची. तिचे नाव मुद्दाम देत नाही. पंचगंगा फुगली की नाल्याचे पाणी मागे लोटले जाते आणि काठच्या घरांत शिरते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते शिरले, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा शिरले. दोन महापुरांनंतर त्या वस्तीत ज्यांच्याकडे शिधापत्रिका, वीजबिल आणि घरफाळ्याची पावती अशी तिन्ही कागदपत्रे शाबूत होती, अशी घरे मला हाताच्या बोटांवर मोजता आली असती. तरीही अर्जात सर्वाधिक अडचणीचे ठरणारे कागद पुरात गेलेले नव्हतेच. अडचण होती ती ‘जागेचा वापर’ या रकान्याची, आणि तो रकाना भरणे हे माझे काम होते.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या तेव्हाच्या चौथ्या घटकात लाभार्थ्याने आपल्या जागेवर स्वतः घर बांधावयाचे असे आणि त्याला केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळत. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत हवे, कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नको, आणि नवे घर घरातील कर्त्या स्त्रीच्या नावे किंवा पती-पत्नींच्या संयुक्त नावे हवे, अशा अटी होत्या. परंतु ज्यांची झोपडीच सरकारी जागेवर होती, त्यांच्या बाबतीत आधी ती जागा नियमानुकूल व्हावी लागे, आणि त्यासाठी दोन गोष्टी पाहिल्या जात : १ जानेवारी २०११ पूर्वीचे वास्तव्य आणि रहिवासी वापर. वास्तव्याचा पुरावा जुन्या मतदार याद्यांतून निघत असे. वापराचा पुरावा मात्र सर्वेक्षकाचा डोळाच. ‘रहिवासी’, ‘व्यावसायिक’ किंवा ‘संयुक्त’ यांपैकी एका चौकटीत खूण करावयाची आणि शेजारच्या कोऱ्या जागेत शेरा लिहावयाचा.

ज्या मावशींबद्दल लिहीत आहे, त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ते पुरानंतर चारेक महिन्यांनी. दारापुढच्या पत्र्याच्या पडवीत सहा-सात पोती उभी होती. एकात पुठ्ठा, एकात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, एकात कडक प्लास्टिक, एकात धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या. आणि कोपऱ्यात वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचा ढीग, जो भंगारवाला घेत नाही आणि टाकावा तर कोठे हे कोणी सांगत नाही. वास येत होता. माश्या होत्या. मी उंबऱ्याच्या आत पाऊलही न टाकता ‘व्यावसायिक’वर खूण केली, शेजारी ‘भंगार साठा’ असे लिहिले आणि पुढच्या दारी गेले. सगळे मिळून अर्धा मिनिटही लागला नसेल.

प्रारूप यादी लागली तेव्हा त्यांचे नाव अपात्रांत होते. नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपलेली होती आणि कारभार प्रशासकांकडे होता. एरवी अशा वेळी वस्तीतील माणसे नगरसेवकाच्या दारात जाऊन बसतात. या वेळी कागदावर हरकत देण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. मावशींनी शाळकरी नातीकडून चार ओळींची हरकत लिहून घेतली, खाली अंगठा उमटवला आणि ती स्वतः येऊन दिली. त्यावर फेरतपासणी लागली आणि शाखा अभियंत्यांसोबत मीही गेले.

या खेपेस पडवी मोकळी होती. पोती नाहीशी झाली होती, जमीन शेणाने सारवलेली होती आणि थोरला मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभा होता. साहेबांनी फीत धरली. आतली खोली दहा बाय चौदा, पडवी पाच फूट. साहेबांनी विचारण्याआधीच मुलगा म्हणाला, “साहेब, आई काही काम करत नाही. घरीच असते. व्यवसाय बिवसाय काही नाही आमचा.”

त्याचे वागणे मला त्या क्षणी समजत होते. त्याला घर हवे होते आणि घर मिळण्यासाठी आईचा धंदा नाहीसा करणे हा त्याला सुचलेला सर्वांत सरळ उपाय होता. पण मावशी भिंतीशी बसल्या होत्या त्या उठल्या.

“घरीच असतीया? पहाटं चारला उठून ताराबाई पार्क पालथा कोण घालतंय? तुझी फी कुणी भरली रं?”

मुलगा ओशाळला. त्यांनी पदराखालून दोरीला बांधलेले ओळखपत्र बाहेर काढले. त्यावर त्यांचा फोटो होता आणि खाली ‘कचरावेचक’ असे छापलेले होते. ते ओळखपत्र त्यांना पूर्वी झालेल्या एका वेगळ्या नोंदणीत मिळाले होते, आणि मुलाने सकाळीच ते गळ्यातून काढून ठेवायला सांगितले होते, हे नंतर कळले. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी स्थानिक संस्थांना कचरावेचकांची ओळख पटवून त्यांना कचरा संकलनाच्या व्यवस्थेत सामावून घेण्यास सांगितले होते. ते ओळखपत्र म्हणजे त्या नियमाचेच दृश्य रूप होते. एका विभागाच्या लेखी ही स्त्री शहराची सेवा करणारी होती आणि दुसऱ्या विभागाच्या लेखी तीच निवासी जागेचा गैरवापर करणारी होती. दुसऱ्या विभागाच्या वतीने ते लिहिणारी मी होते.

ओळखपत्रावर त्या थांबल्या नाहीत. देवाच्या फळीवरून त्यांनी एक वही काढली. भंगारवाल्याने प्रत्येक बाईला अशी वही दिलेली असते. तारीख, माल, वजन आणि घेतलेली उचल असे चार रकाने. पहिले पान २००६ चे होते. पुराच्या वेळी शिधापत्रिका वाहून गेली, पण ही वही त्यांनी डोक्यावर पोत्यात घालून नेली होती, कारण तिच्यात उचलीचा हिशेब होता आणि तो हरवला असता तर भंगारवाला सांगेल तेवढे देणे मान्य करावे लागले असते. २०११ पूर्वीपासून त्या येथेच राहतात, हे सिद्ध करणारा इतका सलग कागद मी त्या वस्तीत दुसरा पाहिला नाही. आणि नेमका तोच कागद पानापानावर सांगत होता की येथे सोळा वर्षे भंगाराचा व्यवहार चालू आहे.

साहेब फीत गुंडाळत पाठमोरे होते. मी वहीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “मावशी, ही आत ठेवा.” त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि वही परत फळीवर ठेवली. मुलाने सकाळी जे केले तेच मीही केले होते, हे मला तेथून निघाल्यावर जाणवले.

पोती घरात का येतात, हा प्रश्न साहेबांनी विचारला हे त्यांचे मोठेपण. उत्तर मावशींनी दिले आणि ते ऐकून मला आमच्याच शहराच्या एका चांगल्या निर्णयाची दुसरी बाजू दिसली. कोल्हापुरात रस्त्यावरच्या कचराकुंडीला कोंडाळा म्हणतात. कोंडाळे होते तेव्हा या बायका तेथेच उकिरडा निवडत, विकण्याजोगे तेवढे घेत आणि तेथूनच दुकान गाठत. घरी काही येत नसे. पुढे दारोदार टिप्पर फिरू लागले आणि कोंडाळे एकेक करून उचलले गेले. शहर त्यामुळे स्वच्छ झाले यात वाद नाही. कोंडाळ्याभोवतीची कुत्री आणि दुर्गंधी ज्यांनी सोसली आहे त्यांना हे सांगायला नको. परंतु निवडण्याची जागा मात्र त्याबरोबर गेली. आता टिप्परच्या आधी पोहोचून घराघरांतून सुका कचरा मागून घ्यावा लागतो आणि निवडायला मोकळी जागा उरली ती स्वतःच्या पडवीचीच. म्हणजे कोंडाळा उचलण्याचा निर्णय एका टेबलावर झाला, पोती घरात आली, आणि त्या पोत्यांमुळे घर नाकारण्याची खूण मी दुसऱ्या टेबलावरच्या कागदावर केली. दोन्ही टेबलांमध्ये बोलणे होण्याचे काही कारणच नव्हते.

मध्येच मावशींना दुधाच्या पिशव्यांची आठवण झाली. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या वेळी पिशवीवर परत घेण्याची किंमत पन्नास पैसे छापण्याचे ठरले होते. “त्ये पन्नास पैसं कुठं मिळत्यात मॅडम, तेवढं सांगा,” असे त्यांनी विचारले. मला सांगता आले नाही.

साहेब पडवीच्या कडेला टेकले आणि त्यांनी मला विचारले, “या गल्लीत आणखी कोण घरात काम करतं? त्यांचं काय लिहिलंय तुम्ही?” मी फाईल उघडली. तीन घरे पलीकडे शिलाई यंत्रावर झंपर शिवणारी बाई होती. तिच्यापुढे मी ‘रहिवासी’ लिहिले होते. त्यापुढे चपलांच्या वेण्या घालून देणारे कुटुंब होते, तेथेही ‘रहिवासी’. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा मी स्वतः तो विषय बचतगटाच्या बैठकीत कौतुकाने सांगितला होता. पापड लाटणारी, उदबत्ती वळणारी, सगळी घरे माझ्या लेखी रहिवासी होती. नियमात या कामांत आणि मावशींच्या कामात फरक करणारी एकही ओळ नव्हती. फरक वासाचा होता. तो मी लावला होता आणि त्याला ‘भंगार साठा’ असे कार्यालयीन नाव दिले होते.

या शहरात समतेवर बोलताना आम्ही फार पटकन शाहू महाराजांपाशी पोहोचतो. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. मला मात्र त्या दिवशी आठवले ते गंगाराम कांबळे यांचे हॉटेल. अस्पृश्य मानलेल्या माणसाला महाराजांनी हॉटेल काढण्यास पाठबळ दिले आणि तेथे जाऊन स्वतः चहा घेतला. म्हणजे त्या समतेत माणसाच्या धंद्याला जागा होती. माझ्या अर्जात धंद्याला एक चौकट होती, आणि तीत खूण झाली की माणूस बाद.

साहेबांनी जागेवरच अहवाल लिहिला : खोलीचा वापर रहिवासी, पडवीत घरगुती स्वरूपात सुक्या कचऱ्याचे वर्गीकरण, हा अर्जदाराच्या उपजीविकेचा भाग असून त्यामुळे निवासी स्वरूपास बाधा येत नाही. व्यवसायाच्या रकान्यात मी ‘घरकाम’ खोडून ‘कचरावेचक’ लिहिले आणि त्यावर सही केली. वास्तव्यासाठी २००९ च्या मतदार यादीत नाव सापडले, त्यामुळे वहीची गरज पडली नाही. अहवालाच्या शेवटी मात्र साहेबांनी एक वाक्य घातले की वर्गीकरणासाठी शेडची सोय झाल्यावर पोती घरात ठेवू नयेत. शेड कधी होणार हे त्यांच्या हातात नव्हते, माझ्या तर नव्हतेच. पण ते वाक्य नसते तर वरची सही झाली नसती असे त्यांनी नंतर जीपमध्ये सांगितले.

घर कोणाच्या नावे करावयाचे यावर मुलाने थोडा वाद घातला. कर्ता मीच आहे, असे त्याचे म्हणणे होते. योजनेचा नियम त्याला दाखवला. तो गप्प झाला, पटले असे वाटले नाही.

संध्याकाळी कार्यालयात बसून मी त्या वस्तीचे सगळे अर्ज पुन्हा काढले. माझ्या अक्षरात ‘भंगार साठा’ असा शेरा असलेले आणखी अकरा अर्ज निघाले. त्यांपैकी चौघींनीच हरकत दिली होती. उरलेल्या सात जणींपर्यंत यादी पोहोचलीच नसावी, किंवा पोहोचूनही ती वाचून दाखवणारे कोणी नसावे. या सर्व घरांची फेरतपासणी व्हावी आणि मूळ नोंद माझ्या चुकीने झाली आहे, अशी टिप्पणी मी लिहिली. साहेब ती वाचून म्हणाले, “लेखी देताय खरं, पण मार्चमध्ये तुमच्या कंत्राटाचं नूतनीकरण आहे, एवढं लक्षात असू द्या.” टिप्पणी त्यांनी पुढे पाठवली. कंत्राटही पुढे सहा महिने चालू राहिले.

आठवड्याभराने मी उरलेल्या घरांच्या तपासणीसाठी वस्तीत गेले तेव्हा मावशी दारातच भेटल्या.

“नाव लागलं म्हनं आमचं. मग आता ती वही काढू का भाईर?”

“अंतिम यादी लागायची आहे अजून,” मी म्हणाले. “तोवर राहू द्या आतच.”

त्यांनी मान हलवली आणि शेजारणीच्या आडोशाला ठेवलेली पोती एकेक करून पुन्हा पडवीत आणायला सुरुवात केली.