वडिलांच्या नावाचा रकाना: माझा अनुभव

माझ्या धाकट्या मुलीचा जन्मदाखला हातात येऊन आता बरेच महिने झाले असले, तरी आमच्या शहरातील जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीबद्दलचा माझा राग अजून पुरता ओसरलेला नाही, आणि हे लेखन त्या रागातूनच होत आहे हे आधीच सांगितलेले बरे. मी घटस्फोटित आहे. घटस्फोटाला कित्येक वर्षे उलटून गेल्यावर, थोरली मुलगी आठवीत असताना, मला पुन्हा दिवस गेले. ते ठरवून झालेले नव्हते. ज्या माणसाशी संबंध होता त्याने बातमी कळताच अंग काढून घेतले आणि त्याच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

मूल ठेवायचे की नाही हा निर्णय मी घाईत घेतला नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी तिच्या स्वतःच्या संमतीखेरीज कोणाचीही सही लागत नाही. २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कायद्यातील ‘पती’च्या जागी ‘जोडीदार’ आला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी अविवाहित स्त्रियांनाही चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत सामावून घेतले आहे. तो मार्ग मोकळा आहे हे माहीत असताना मी मूल ठेवले. घरच्यांनी नंतर जे जे ऐकवले, ते मी सहन करू शकले ते बहुधा त्यामुळेच.

तेव्हा घरी आम्ही तिघी होतो: माझी आई, मी आणि थोरली. आईने बरेच दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले आणि भजनी मंडळात जाणे बंद केले. भाऊ त्याच शहरात राहतो, पण तो येईनासा झाला. वहिनी मात्र डबा घेऊन येत राहिली आणि त्याविषयी कधी एक शब्दही बोलली नाही. थोरलीला शेजाऱ्यांकडून कळण्याआधी मी स्वतः सांगितले, तेव्हा तिने विचारले ते एवढेच, की शाळेत कोणी विचारले तर काय सांगायचे. ‘तुला भावंड होणार आहे असे सांग, पुढचे त्यांना मला विचारू दे,’ असे मी म्हटले, आणि तिने ते तसेच सांगितले. बाळंतपण सुखरूप झाले. बारशाला भाऊ आला. बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या नव्हती, म्हणून ते काम थोरलीने केले, आणि त्या दिवसापुरते तरी मला वाटले की घराने ही गोष्ट पचवली आहे.

पुढे सारे अडले ते एका रकान्यापाशी. रुग्णालयाने जन्माची माहिती वेळेत पाठवली होती आणि माझ्या सांगण्यावरून वडिलांच्या नावाची जागा रिकामी ठेवली होती. दाखला घ्यायला गेले तेव्हा खिडकीवरील लिपिकाने अर्ज परत सरकवला आणि सांगितले, ‘मॅडम, हा रकाना भरल्याशिवाय सिस्टीम पुढेच जात नाही. मिस्टरांचे आधार कार्ड आणा.’ मी घटस्फोटाचा निकाल दाखवला, तर पुढच्या खेपेस उत्तर मिळाले की निकालात ज्याचे नाव आहे तेच घालून टाकू, म्हणजे काम लगेच होईल. ते नाव बाळाच्या वडिलांचे नाही, आणि नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे, हे मी सांगितल्यावर न्यायालयाचा आदेश आणायला सांगण्यात आले. आदेश कशाचा, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. एकदा तडजोड म्हणून त्या जागी ‘अज्ञात’ असे लिहिण्याचा प्रस्ताव आला. तो मी नाकारला, कारण मला न सांगण्याचा अधिकार हवा होता, माहीत नसल्याचा शिक्का नको होता. हे सारे बोलणे भरल्या रांगेसमोर, मोठ्या आवाजात होत असे. साहेब कधी मिटिंगला असत, कधी वरून विचारावे लागेल असे सांगत, आणि जे सांगायचे आहे ते लेखी द्या असे मी म्हटले की खिडकीपलीकडे एकदम शांतता पसरत असे.

या हेलपाट्यांचा खरा त्रास मला कार्यालयात झाला नाही, घरी झाला. मी रिकाम्या हाताने परतले की मिटत आलेले भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. भाऊ म्हणे, ‘दाखल्यापुरते जुने नाव घाल आणि मोकळी हो, कोण बघायला येतंय?’ आईलाही ते पटले होते. नातवंडाच्या कागदावर पुरुषाचे एखादे नाव असावे, एवढीच तिची इच्छा होती. एके संध्याकाळी हाच विषय चालू असताना थोरली अभ्यास सोडून बाहेर आली आणि म्हणाली, ‘मामा, ते माझे बाबा आहेत. तुम्ही त्यांना विचारलंत का?’ ती सुट्टीत त्यांच्याकडे जाते, तिचे त्यांच्याशी चांगले जमते, आणि आमच्या सोयीसाठी त्यांच्या माथी एक मूल मारले जाते आहे हे आम्हा मोठ्यांपैकी कोणी बोलून दाखवले नव्हते. भावाने तो विषय पुन्हा काढला नाही.

शेवटी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेले. तेथे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते, आणि ज्या कोणाचे काम असे अडले असेल तिने खिडकीशी वाद घालण्याआधी तेथे जावे. तेथील वकीलबाईंनी मला दोन आधार दिले. पहिला म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा ६ जुलै २०१५ चा निकाल, ज्यानुसार एकल पालक किंवा अविवाहित माता आपल्या उदरी जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यासाठी अर्ज करते तेव्हा तिच्याकडून तशा अर्थाचे प्रतिज्ञापत्र तेवढे मागता येते, आणि विरुद्ध असा न्यायालयीन आदेश नसल्यास दाखला द्यावाच लागतो. दुसरा म्हणजे जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती, जिच्यात जन्माची माहिती देणाऱ्यांमध्ये एकल पालक आणि अविवाहित माता यांचा उल्लेखच आहे. प्रतिज्ञापत्रात मी फारसे काही लिहिले नाही: मी घटस्फोटित आहे, हे मूल माझ्या उदरी जन्मले आहे, मी एकटी त्याचे पालनपोषण करते आणि वडिलांचे नाव नोंदवू इच्छित नाही.

अर्जाच्या शेवटी आम्ही एक वाक्य घातले की मागणी नाकारायची असल्यास, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार, कारणे लेखी कळवावीत. आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय मी त्या दिवशी जागची हललेच नाही. त्यानंतर जी सिस्टीम पुढे जात नव्हती ती गेली. उपनिबंधकांनी निकालाची प्रत चाळून मला विचारले, ‘हे आधीच का नाही दिलेत?’ कार्यालयाला लागू असलेला नियम नागरिकाने कार्यालयाला आणून द्यायचा, हे त्यांना मुळीच विचित्र वाटत नव्हते. रकाना कोरा असलेला दाखला मी तेथेच दोनदा वाचून घेतला, आणि तो तसा वाचून घ्यावाच, कारण माझ्या स्वतःच्या नावातील वेलांटी त्यांनी चुकवली होती.

काही गोष्टी आधी सांगायच्या राहिल्या. नोंदणीची मुदत एकवीस दिवसांची असते. त्यानंतर विलंब शुल्क लागते, तीस दिवसांनंतर वरची परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. म्हणून रुग्णालयाने पाठवलेल्या अर्जाची प्रत घरी जातानाच मागून घ्यावी. बाळाचे नाव ठरले नसले तरी नोंदणी थांबवू नये, कारण नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो, त्यामुळे नंतर पाहू असे म्हणून चालत नाही. निबंधकाचा निर्णय मान्य नसल्यास जिल्हा निबंधकाकडे तीस दिवसांत अपील करता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावण्याचा नियम आहे, म्हणून धाकटीचे नाव, माझे नाव आणि माझे आडनाव असे ते सरळ लागले. बाल आधारसाठी माझे एकटीचे आधार पुरले.

आई पुन्हा भजनाला जाऊ लागली आहे. मागच्या महिन्यात भाऊ त्याच्या ओळखीतील एका बाईंसाठी माझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा मागायला आला. त्यांचे काम कुठे अडले आहे असे मी विचारले, तर तीच खिडकी निघाली. मी त्याला मसुद्याबरोबर माझ्या अर्जाची आवक शिक्का असलेली प्रतही दिली.