पडदा कुठे लावायचा

अण्णांच्या जुन्या ट्रकच्या केबिनमध्ये, इंजिन बंद ठेवून झोपता यावं म्हणून, बॅटरीवरचा एसी बसवायचाय. कळंबोलीहून आल्यापासून डोक्यात त्यातला पडदाच आहे. अण्णांसोबतच्या पोराने साधंच विचारलं होतं, "मी पडद्याच्या आत झोपायचं की बाहेर?" अण्णा काही बोलले नाहीत. मीही नाही.

हिशोब चोख आहे, म्हणून जास्त टोचतं. अख्खी केबिन पाच-साडेपाच घनमीटर. सीटमागच्या झोपायच्या बर्थपुढे जाड पडदा ओढला की थंड करायची जागा उरते दोन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, 1.1 मीटर उंच, म्हणजे जेमतेम 1.65 घनमीटर. बॅटरी 25.6 व्होल्ट, 100 अँपिअर-तास, लिथियम आयर्न फॉस्फेटची. त्यातली हाताशी येणारी वीज 2.2 युनिट. पडदा असेल तर कॉम्प्रेसर सरासरी 350 वॉट ओढेल, सहा तास निघतील. पडदा काढून 25 अंश मागितले तर 650 वॉट, आणि सव्वातीन तासांत बॅटरी बसेल. सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त वीज वाचवते. आणि तिच्या बाहेर, सीटवर पाय दुमडून, एक माणूस.

कूलरवर भागलं असतं तर हा प्रश्नच आला नसता. नगरकडे हवा कोरडी, तिथे भागतं. इथे मे महिन्यात हवा 34 अंश आणि आर्द्रता 65 टक्के असली की कितीही पाणी फिरवा, हवा 28 च्या खाली उतरत नाही, वर ओली होऊन अंगावर येते. मुंबईत थंड करण्याआधी हवा वाळवावी लागते. एक लिटर पाणी हवेतून काढायचं तर 680 वॉट-तास उष्णता खेचावी लागते. म्हणून आधी गळती बंद करायची: दारांची रबरं, गिअरच्या दांड्याभोवतीचा रबरी बूट, पेडलखालची भोकं. पण सगळंच बुजवायचं नाही. दोन माणसं बंद केबिनमध्ये झोपली तर तासाभरात हवा जड होते, डोकं धरतं. 80 मिलिमीटरचा एक छोटा पंखा सतत बाहेरची हवा आत घेत राहिला पाहिजे, आणि त्याचं तोंड शेजारच्या गाडीच्या सायलेन्सरकडे नको. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म उशाशी हवाच.

2025 पासून नव्या मध्यम आणि जड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, ते चांगलंच झालं. पण तो एसी इंजिनावर. न्हावाशेवा बंदराच्या रांगेत इंजिन बंद केलं की तोही बंद, आणि चालू ठेवलं तर तासाला दोन-तीन लिटर डिझेल. शेठ फक्त तेवढंच विचारतात. जुन्या गाडीतल्या माणसाच्या झोपेसाठी वायरचा जाडपणा मोजत बसलेल्याला कोण विचारतं? जाऊ दे.

वायर 16 स्क्वेअर मिलिमीटर तांब्याचीच. बाजारात 6 ची गळ्यात मारतात. जाऊन-येऊन दहा मीटरवर 35 अँपिअर ओढले की तिच्यात एक व्होल्ट पडतो, बॅटरी अर्धी भरलेली असतानाच कॉम्प्रेसरला व्होल्टेज कमी दिसतं आणि तो बंद पडतो. मग सगळे बॅटरीला शिव्या देतात. 50 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात. इंजिन सुरू करणाऱ्या, म्हणजे सेल्फच्या, 12-12 व्होल्टच्या बॅटऱ्यांच्या जोडीला हात लावायचा नाही. पंख्यासाठी जोडीतल्या एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट काढतात, ते तर कधीच नाही. एक उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. एसीची आतली आणि बाहेरची, दोन्ही युनिटं केबिनच्याच मागच्या पत्र्यावर बसवायची, चॅसीवर नाही. केबिन झुलते, पुढे उलटते, आणि चॅसीवर बसवलं तर तांब्याची नळी फ्लेअरपाशी, म्हणजे तोंड पसरवून केलेल्या जोडापाशी, तडकून गॅस निघून जातो.

सगळं जागच्या जागी बसतं. पोर बसत नाही.

संध्याकाळपासून उलट्या टोकाने मांडून बघतोय. पडदा नाही असं धरायचं. 25 चा हट्ट सोडून 28 वर ठेवायचं आणि दोघांच्या अंगावर वारा येईल असे 24 व्होल्टचे, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे लावायचे. हवा कोरडी असली की 28 अंशांत, वाऱ्याखाली, झोप लागते; घरी तरी आपण वेगळं काय करतो? पंख्यांसकट 430 वॉट धरले तर पाच तास मिळतात. पडद्याआडच्या सहापेक्षा एक तास कमी. अण्णांना तो तास द्यावा लागेल. देतील, मला वाटतं. निदान विचारता येईल.

छताकडून आणखी थोडं वसूल करता येईल. आतून 13 मिलिमीटर नायट्रिल रबर, आणि फॉइल लावायचं तर त्याच्यासमोर दोन सेंटिमीटर पोकळी सोडून. दोन्हीकडून चिकटवलेलं फॉइल ऊन परतवत नाही. पुढच्या काचेवरचं झाकण बाहेरून, आतून नाही. थर्मोस्टॅटचा सेन्सर बर्थच्या उशाशी ठरला होता, तो आता सीट आणि बर्थ यांच्या मधल्या खांबावर, एसीच्या जाळीतून येणाऱ्या झोतापासून लांब. चालू-बंद होण्यात दोन अंशांचा फरक आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला तीन मिनिटांची थांब, हे तसंच ठेवायचं. एसीचं पाणी बाहेर काढणारी नळी मात्र बदलावी लागेल. एवढ्या हवेतून पाणी जास्त निघणार, आणि आत्ताच्या उताराने ते सरळ बॅटरीच्या पेटीवर पडेल.